कॉम्प्युटरचा चौविहार

चोपड्याच्या कापड गल्लीत लोक वेळेसाठी मोबाइलकडे बघायला लागले ते आत्ता आत्ता. पूर्वी संध्याकाळी सुरेशचंदांच्या घरातून ताटवाट्या घासल्याचा आवाज आला, की समोरचा शिंपी दिवा लावायचा आणि कोपऱ्यावरचा भेळवाला गाडी बाहेर काढायचा. त्या जैन घरात चौविहार. म्हणजे दिवस बुडाला की खाणं बंद, पिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर. भेळवाल्याचा त्या घरावर कायमचा राग. "अख्ख्या गल्लीत तेवढ्या एका घरानं माझी भेळ चाखली नाही," असं तो ज्याला त्याला सांगायचा. त्या घरातल्या लहानग्यांनी ती कुठल्या खिडकीतून चाखली, हे गल्लीला पक्कं ठाऊक होतं. पण गल्ली इतकीही दुष्ट नाही.

या घरात चेलना सून होऊन आली ती धुळ्याहून. लग्नाआधी तिनं तिथं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि नंतर काही महिने त्याच क्लासमध्ये मुलींना शिकवलंही होतं. शिकवायला लागली की तिला तहानभूक आठवायची नाही. लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी विचारलं, "फ्रिज देऊ की कपाट?" चेलना म्हणाली, "कॉम्प्युटर द्या." वडिलांनी कॉम्प्युटर दिला.

तो चोपड्यात उतरला तेव्हा त्याला बघायला गल्लीतल्या बायका नव्या नवरीपेक्षा जास्त जमल्या. एकीनं विचारलं, "यात सिरियल दिसतात का हो?"

"दिसत नाहीत," सासूबाई हीराबाई म्हणाल्या. "म्हणून तर उंबऱ्याच्या आत घेतला."

हीराबाईंनी त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं, त्यावर दोन पोपट काढले, आणि पोपटांच्या मधोमध प्लास्टिकच्या फुलांची परडी ठेवली. महिनाभरात सुरेशचंदांनी तो दुकानात नेला. हिशेबाला लागेल म्हणाले. पण त्यांचा हिशेब असायचा डोक्यात, आणि डोकं असायचं टोपीखाली. तिथून तो बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमलं नाही. चेलनाचा नवरा रतिलाल बापासमोर कापड मोजण्यापुरतंच तोंड उघडायचा, त्यामुळे त्याच्याकडूनही काही आशा नव्हती. शेवटी कॉम्प्युटरचा उपयोग एवढाच उरला, की साडी खांद्यावर टाकून बायका त्याच्या काळ्या काचेत पदर कसा पडतो ते बघायच्या. सुरेशचंद म्हणायचे, "वस्तू कामाची आहे. गिऱ्हाईक आरसा मागत नाही आता."

चेलना गल्ल्यामागे बसून हे बघायची. आणि संध्याकाळी दुकानातून घरी जाताना ती त्या काचेवरचे बोटांचे ठसे पदरानं पुसायची. हे सगळ्या गल्लीनं पाहिलंय.

मग एका जूनमध्ये प्रेमराज गुरुजी गणवेशाचं कापड घ्यायला आले. गुरुजी मोहखेडीच्या शाळेवर. मोहखेडी म्हणजे सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. कापूस संपतो, केळी संपते, डांबरही संपतं, आणि मग गाव लागतं. गुरुजींनी निळ्या कापडाचं ठाण बाजूला सारलं आणि कॉम्प्युटरपुढं उभे राहिले, देवळात उभे राहतात तसे.

"हात लावू का?" त्यांनी विचारलं.

"लावा की," चेलना म्हणाली. "काय विशेष?"

"आमच्या पुस्तकात याचं चित्र आहे. पोरांना शिकवतो. शाळेच्या भिंतीवर ऑइल पेंटनं याच्या बटणांची पाटी काढलीये मी. पोरं भिंतीवर टाइप करतात."

"आणि उमटतं कुठं?"

"उमटत नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले. "एक पोरगी आहे, दिपमाला. ती रोज विचारते, 'गुरुजी, मी लिखं ते कोठे गयं?' तिला काय सांगू?"

चेलना हसली. पण त्या संध्याकाळी ताटावर तिचं लक्ष नव्हतं, हे हीराबाईंनी टिपलं. मीठ वाढायचं राहिलं तरी तिनं मागितलं नाही.

त्यानंतर घरात जे झालं ते भिंतीपलीकडे जेवढं ऐकू आलं तेवढं असं. चेलना म्हणाली, ही कॉम्प्युटरची पेटी मोहखेडीच्या शाळेत ठेवू, मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाऊन शिकवेन. सुरेशचंद म्हणाले, लोक काय म्हणतील. चेलना म्हणाली, लोक म्हणतील सुरेशचंदांनी शाळेला कॉम्प्युटर दिला. इथं बरीच शांतता झाली. आपलं नाव फुकटात होतंय म्हटल्यावर व्यापारी माणूस विचार करणारच.

"ठीक," शेवटी सुरेशचंद म्हणाले. सुनेला ते बीनणी म्हणायचे. "पण एक अट. दिवस बुडायच्या आत बीनणी ताटावर बसली पाहिजे. एक दिवस चुकला, की पेटी परत दुकानात. मग रडायचं नाही."

चेलनानं हो म्हटलं. आषाढातला दिवस मोठा होता, हो म्हणायला काय जातंय!

क्रोशाच्या झाकणासकट गोधडीत गुंडाळून, काळ्यापिवळ्या जीपच्या मधल्या सीटवर बसवून कॉम्प्युटर मोहखेडीला गेला. त्याचं पूर्ण तिकीट घेतलं म्हणे जीपवाल्यानं. गावानं वाजतगाजत नेला, नारळ फोडला, आणि कुणीतरी भक्तिभावानं हळदकुंकू वाहिलं ते नेमकं बटणांवर. पुढे कित्येक महिने 'क' दाबला की बोट पिवळं व्हायचं. माउस दिसल्यावर पोरं म्हणाली, "हाई माउशी शे का?" आणि मग माउशीच झाली ती. "माउशीले हात नको लावू, मन्हा नंबर शे!" अशी भांडणं चालायची.

दिपमालानं पहिल्यांदा एका बोटानं आपलं नाव लिहिलं. काचेवर अक्षरं उमटली तेव्हा ती हसली नाही की ओरडली नाही. वळून भिंतीवरच्या रंगवलेल्या बटणांकडे बघितलं आणि म्हणाली, "मंग ते इतला दिन आठेच साचेल व्हतं?" इतके दिवस लिहिलेलं सगळं इथंच साठून राहिलं होतं का, असं.

अडचण होती विजेची. त्या काळात लोडशेडिंग असं, की खेड्यात वीज म्हणजे पाहुणी. मोहखेडीत ती दुपार उलटल्यावर, पोरांची शाळा संपायच्या सुमाराला यायची. पावसाळ्यात काही वाटलं नाही. शिकवून झालं, जीप पकडली, हातपाय धुऊन ताटावर बसलं, तरी अंगणात ऊन असायचं. पण दसरा झाला, दिवाळी झाली आणि दिवस आखडायला लागला. वीज मात्र आपल्या वेळेलाच यायची. चेलनाचा क्लास दोन्हीकडून कातरल्यासारखा लहान होत गेला. बटण दाबून यंत्र जागं होईपर्यंतच अर्धा जीव जायचा, आणि पोरांचे नंबर लागतात न लागतात तोवर ती खिडकीतून उन्हाकडे बघायला लागायची.

"चला, बंद करा. दिवस बुडायच्या आत बंद."

"कसाले, मॅडम?" दिपमालाचा प्रश्न ठरलेला.

एकदा घाईत, पिशवी खांद्याला लावता लावता चेलना म्हणून गेली, "आमच्यात रात्री चालत नाही!"

तिला म्हणायचं होतं, रात्री जेवलेलं चालत नाही. पोरांनी बघितलं कॉम्प्युटरकडे. आणि 'आमच्यात' म्हणजे कोण, याचा अर्थ त्यांनी आपल्या परीनं लावला.

तर मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी जीप आलीच नाही. खाली नाल्यावरच्या फरशी पुलावर केळीनं भरलेला ट्रक आडवा झाला होता. इकडची गाडी इकडे, तिकडची तिकडे. चेलना थांब्याच्या निंबाखाली उभी राहिली, रस्त्याकडे बघे आणि उन्हाकडे बघे. ऊन तुरीच्या शेंड्यांवर आलं होतं. तिला भुकेची पर्वा नव्हती. पर्युषणात आठ-आठ दिवस निव्वळ पाण्यावर काढलेली बाई ती. पण आज ताट चुकलं की सोमवारपर्यंत पेटी दुकानात, आणि मंगळवारी दिपमाला पुन्हा भिंतीवर.

शाळेला लागूनच तानुबाईंचं घर. शाळेची किल्ली त्यांच्याकडे, गावातल्या सगळ्या बातम्याही त्यांच्याकडे. त्या कमरेवर हात ठेवून आल्या.

"काय वं माय, रडी का राह्यनी? गाडी नही ते नही. ऱ्हाय मन्हा घर."

चेलनानं सगळं सांगितलं, चौविहार म्हणजे काय तेही. तानुबाईंनी ऐकून घेतलं.

"ताटवर बसनं शे ना? मंग चाल. मी टाकस भाकर."

"पण आजी, आम्हाला कांदा चालत नाही."

"नही टाकत."

"लसूण नाही."

"बरं."

"वांगं पण नाही. आणि बटाटा वगैरे, जमिनीखाली पिकतं ते काहीच नाही."

खानदेशातल्या बाईला वांगं नको, लसूण नको म्हणणं म्हणजे चूल विझव म्हणण्यासारखंच. "मंग तुले वाढवं कशी वं तुन्ही मायनी?" एवढंच तानुबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

चूल आधीच पेटलेली होती. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर थापली, तुरीच्या डाळीत नुसती मिरची आणि मीठ. तोवर बाहेर पोरांनी काय करावं? दिपमालानं दोघाचौघांना शाळेच्या पत्र्यावर चढवलं आणि ती स्वतः अंगणात उभी राहून ओरडायला लागली, "शे का?"

"शे!" वरून उत्तर.

"आते?"

"आजून शे! अर्धा शे!"

आत चेलनासमोर ताट आलं. भाकरीच्या वाफेनं बोटं पोळत होती. तानुबाई परातीनं वारा घालत होत्या आणि म्हणत होत्या, "खाय, खाय, चावत नको बसू."

"गया! बुडना!" पत्र्यावरून आरोळी.

चेलनाचा घास हातातच राहिला.

"नही नही! ढग व्हता! शे, शे, लाल शे!"

तिनं घास तोंडात टाकला, दोन घोट पाणी प्याली, हात ताटात धुतला. आणि मग खरोखरच "बुडना!" झालं. बाहेर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तोवर पोरांच्या आयाही जमल्या होत्या. सूर्य बुडाला म्हणून टाळ्या वाजवणारं गाव जगात दुसरं नसेल.

ट्रक निघाला, जीप आली, चेलना घरी पोचली तेव्हा गल्लीत दिवे लागून गेले होते. सुरेशचंद ओट्यावरच बसलेले. टोपी मांडीवर. टोपी मांडीवर म्हणजे प्रकरण गंभीर.

"उद्या टेम्पो पाठवतो," ते म्हणाले. "पेटी आणायला."

"मी ताटावर होते, बाबूजी. दिवस बुडायच्या आत."

"कुणाच्या?"

"मोहखेडीत. तानुबाईंच्या घरी."

सुरेशचंदांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी आतून हीराबाईंचा आवाज आला. "ताटावर बसली पाहिजे म्हणाला होतात. ताट कुणाचं ते कुठं सांगितलं होतं?"

जन्मभर गिऱ्हाइकाला शब्दात पकडणाऱ्या माणसाला घरातच शब्दात पकडलं. समोरचा शिंपी मशीन थांबवून ऐकत होता, तो खोकला. सुरेशचंदांनी टोपी डोक्यावर चढवली. "माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मानत नाही," ते म्हणाले. "मंगळवारी मी येतो. टेम्पो घेऊनच येतो."

मंगळवारी खरंच टेम्पो आला. सुरेशचंद पुढे, चेलना मधे, आणि मागे गोधडी.

शाळेत पोहोचल्यावर सुरेशचंदांनी आधी पोरांना एका ओळीत उभं केलं. "त्या दिवशी मॅडमनी काय खाल्लं?"

पोरं पाढा म्हणतात तशी एका सुरात म्हणाली, "कांदा नही, लसूण नही, वांगं नही, जमीनखाले पिकस ते काहीच नही!"

सुरेशचंद हसले नाहीत, पण बसले. मग तासभर ते बघत राहिले. काचेत साडीचा पदर बघायची सवय. आता तिथं एकेक पोर येऊन आपलं नाव उमटवत होतं. त्यांनी एकाला आपलं नाव लिहायला सांगितलं. 'सुरेशचंद' उमटलं. "मोठं कर," ते म्हणाले. मोठं झालं. "आणखी." आता त्यांना मजा यायला लागली होती. लाल करून झालं, निळं करून झालं. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. "थांब रे," ते ओरडले. "हं, आता त्याला जरीकाठ काढ."

तेवढ्यात दिपमाला उठली. खिडकीतून एकदा तुरीकडे बघितलं, आणि येऊन सरळ माउशीला हात घातला. सुरेशचंदांचं नाव गेलं. काच काळी झाली.

"अगं, काय केलंस?" सुरेशचंद उठून उभे राहिले. "मी बघत होतो ना!"

"आते बंद, बाबा," ती म्हणाली. "दिन बुडी राह्यना. रातले चालत नही."

"कुणाला चालत नाही?"

"त्याले." तिनं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "त्याना चौविहार शे ना. तुम्हना घरना शे तो."

पोरांनी काय धरून ठेवलंय ते चेलनाला त्या क्षणी कळलं. शिकवणारीनं पुढं होऊन सांगायला हवं होतं, की बाळांनो, तसं काही नसतं, वीज असेल तर तो रात्रभर चालतो. शब्द ओठांपर्यंत आले. तिनं सासऱ्यांकडे बघितलं आणि ओठ मिटले.

सुरेशचंदांनी टोपी काढली. त्यांच्या घरात चौविहार त्यांच्या आजोबांपासून. पण घरातली पोरं खिडकीतून भेळ खातात हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि लागतही होतं. आणि इथं सातपुड्याच्या पायथ्याशी, शेतातून येऊन रात्री चुलीपुढं जेवणाऱ्या या गावानं एका यंत्राला व्रत धरायला लावलं होतं. आणि ते पाळायला एक पोरगी पहाऱ्यावर.

तानुबाईंनी दारातून हाक मारली, "बाबा, तुम्हनं बी टाकेल शे. बठ्ठा या, दिन थांबाव नही!"

सुरेशचंद जेवले. डाळ दुसऱ्यांदा मागून घेतली. टेम्पो रिकामा परत आला. गल्लीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "व्रताला बसलेल्याला उठवायचं नसतं."

याला आता वीस वर्षं होऊन गेली असतील. सुरेशचंद गेले. रतिलाल बोलायला लागला, आणि आता थांबत नाही. भेळवाल्याचा मुलगा बिनकांद्याची जैन भेळ विकतो आणि त्याच घराच्या जिवावर जगतो. चेलना कितीतरी वर्षं मोहखेडीला जात राहिली. मग गुडघे आले, दुकान आलं, लेकीचं, रुचीचं शिक्षण आलं आणि जाणं सुटलं. शाळेला सरकारी कॉम्प्युटर मिळाले तेव्हा गुरुजींचा फोन आला होता. तिनं अभिनंदन केलं आणि त्या संध्याकाळी पुन्हा मीठ मागायला विसरली.

परवा तिला मोहखेडीहून बोलावणं आलं. शाळेवर हेमांगी नावाची नवी बाई आलीय, धुळ्याचीच. आता डांबर गावापर्यंत गेलंय. शाळेच्या पत्र्यावर सोलरच्या काचा. आत ओळीनं सपाट पडदे, आणि कोपऱ्यात टेबलावर तो जुना, ढेरपोट्या, बंद. त्याच्यावर क्रोशाचं झाकण. एका पोपटाची चोच उसवलीय.

"मॅडम, मला एक कळत नाही," हेमांगी म्हणाली. "वीज आहे, बॅटरी आहे, संध्याकाळी जादा तास घ्यायचा तर मुलं ऐकत नाहीत. दिवस कलला की उठतात आणि सगळी मशिन्स बंद करतात. विचारलं तर म्हणतात, रात्री चालत नाही. हे कुणी शिकवलं यांना?"

चेलना वेळ काढत झाकणाच्या सुरकुत्या नीट करत राहिली. तेव्हा गिळलेलं आता सांगता आलं असतं. आता पेटी न्यायला कुणी येणार नव्हतं. तेवढ्यात एक लहानगी उठली, खिडकीतून बाहेर बघितलं आणि एकेक पडदा बंद करायला लागली. कुणाची मुलगी हे विचारायला नको होतं, ते खिडकीतून बघणं तेच.

"बाळा," चेलना म्हणाली, "इकडे ये. खरं सांगते. कॉम्प्युटर रात्रीही चालतो."

"माहीत आहे," दिपमालाची मुलगी म्हणाली. "आईचा मोबाइल तर रात्रभर चालतो."

"मग बंद का करतेस?"

मुलीनं कोपऱ्यातल्या झाकणाकडे बघितलं. "तो मोठा आहे ना यांच्यात. त्याला चालत नाही. त्याच्यासमोर बरं दिसतं का?"

हेमांगी हसायला लागली. चेलनाला हसू येईना आणि रडूही येईना. बाहेरून काठीचा आवाज आला. तानुबाईंना आता नीट दिसत नाही, पण खिडकीतलं ऊन कुठं आलं ते त्यांना अजून अंगावर कळतं.

"कोन वं, चेलना उनी का? मंग बसनी कसाले? दिन बुडी राह्यना. चाल जेवाले, लसूण नही टाकेल!"